अठ्ठावीस दीड : परभणीच्या रस्त्यावरची सायकल

सायकलच्या टायरच्या कडेला एक आकडा कोरलेला असतो. टायर बदलायची वेळ येईपर्यंत तो कुणी वाचत नाही. काळ्या, दांडीच्या, जुन्या वळणाच्या सायकलवर तो २८ × १½ असतो. दुकानात त्याला 'अठ्ठावीस दीड' म्हणतात. मुलींच्या सायकलवर बहुधा २६ × १⅜ असतो. जिला आपल्याकडे सरसकट 'रेंजर' म्हणतात, त्या जाड टायरच्या सायकलवर २६ × १.९५ किंवा २६ × २.१०. शहरात हल्ली दिसणाऱ्या हायब्रिडवर ७०० × ३५ सी.

यातले दोन्ही 'सव्वीस' एकच असतील असं वाटणं साहजिक आहे. ते एक नाहीत. २६ × १⅜ चा टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो आणि रेंजरचा ५५९ मिलिमीटरच्या. ३१ मिलिमीटरचा हा फरक कितीही ओढाताण केली तरी मिटत नाही. अठ्ठावीस दीडची रिम ६३५ ची आणि हायब्रिडची ६२२ ची. तिथं फरक जेमतेम १३ मिलिमीटरचा, पण एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही तो नाहीच.

रोज कामावर, शाळेत, बाजाराला जाण्यासाठी कोणती सायकल घ्यावी, असं कुणी विचारलं की ऐकणारा कंपनीचं नाव सांगतो, किंमत सांगतो, गिअर किती ते सांगतो. मला वाटतं, उत्तराची सुरुवात या आकड्यापासून करावी. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या फाट्यावर कोणत्या आकड्याचा टायर मिळतो, यावर तुमची सायकल दोन वर्षांनी चालू असेल की गोठ्याच्या भिंतीला टेकलेली असेल, हे ठरतं. आणि एखाद्या गावात अमुकच आकडा का मिळतो, याला इतिहास आहे. परभणी जिल्ह्यापुरता तो सांगायचा हा प्रयत्न.

जर्मनी, इंग्लंड आणि बेळगाव

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. सायकलचं मूळ खरोखरच जर्मनीत आहे. कार्ल फॉन द्राइस नावाच्या गृहस्थानं १८१७ मध्ये मानहाइम शहरात दोन चाकांची, पायडल नसलेली, जमिनीवर पाय मारत पळवायची लाकडी गाडी चालवून दाखवली. पण आज आपण जिला सायकल म्हणतो तो घाट इंग्लंडचा. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्लीनं 'रोव्हर' काढली: दोन्ही चाकं जवळपास सारखी, मध्ये पायडल, मागच्या चाकाला चेन. त्याआधीच्या पुढं भलंमोठं चाक असलेल्या सायकलवरून माणूस तोंडावर पडायचा, म्हणून या नव्या सायकलला 'सेफ्टी' म्हणू लागले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास नॉटिंगहॅमला रॅले कंपनी उभी राहिली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या सगळ्यातून जी सायकल घडली ती 'रोडस्टर', म्हणजेच आपली अठ्ठावीस दीड.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा एक धागा इथंच सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. १८८८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि भावानं बेळगावात विकायच्या, असा तो व्यवहार. पुढं याच घराण्यानं लोखंडी नांगर काढला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. ज्या नांगरानं पुढं दख्खनची काळी माती उलथली, त्याच्या कारखान्याचं बीज सायकलच्या दुकानात होतं. त्या दुकानातलं गिऱ्हाईक मात्र शेतकरी नव्हतं. तेव्हाची सायकल साहेबाची, सरदाराची, वकील-डॉक्टरांची होती. शेतकऱ्यापर्यंत पोचायला तिला अजून अर्धं शतक लागायचं होतं.

ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' आहे

परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली आणि सेलू, परभणी, पूर्णा ही नावं रेल्वेच्या नकाशावर आली. या मार्गावर 'मानवत रोड' नावाचं स्टेशन आहे. स्टेशनाच्या नावात 'रोड' असलं की समजावं, गाव इथं नाही. इथून त्या गावाला रस्ता जातो. मानवत कापसाच्या बाजारपेठेचं गाव, स्टेशनापासून काही किलोमीटर लांब. रेल्वेनं शेकडो मैलांचं अंतर कमी केलं, पण स्टेशन ते गाव आणि गाव ते वाडी हे अंतर बैलगाडीच्या आणि पायांच्या हवाली राहिलं.

सायकलची खरी जागा हीच होती. पाच ते पंधरा किलोमीटरच्या या पट्ट्यात तिला स्पर्धक नव्हता. बैलगाडीहून चौपट वेग, वैरण नको, आणि निम्म्या पायवाटाही चालत. तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमन, मास्तर, डेअरीला दूध घालणारे, कापडाचे फेरीवाले हे तिचे पहिले नेमाचे स्वार झाले. यांच्यापैकी बहुतेकांना हौसेपोटी सायकल नको होती. नेमणूक एका गावी आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी, म्हणून ती लागत होती.

रस्ते तेव्हा मुरमाचे किंवा नुसत्या मातीचे. परभणीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. ओल्या काळ्या मातीतून सायकल नेली की मडगार्ड आणि टायर यांच्या फटीत चिखल भरतो, चाक जाम होतं, दर शंभर पावलांवर काडीनं उकरावं लागतं. शेवटी माणूस सायकल खांद्यावर घेतो. उन्हाळ्यात माणूस सायकलवर बसायचा, पावसाळ्यात सायकल माणसावर.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. रस्ते मात्र हळूहळूच आले. त्यातले कित्येक १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवरच्या मजुरांनी बांधले. खडीवर मुरूम, मुरमावर रोलर, आणि डांबर पुढं कधीतरी. या रस्त्यांसाठी सायकल शोधायला निघालं, तर कोणती मिळत होती?

लुधियानाचा काटर पिन

निवड फारशी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक सायकली इंग्लंडहून यायच्या: रॅले, हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए. युद्धात आवक अडली आणि स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांना सरकारनं संरक्षण दिलं. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स उभी राहिली. तिथं हर्क्युलिस आणि फिलिप्स बनू लागल्या. बंगालात आसनसोलला सेन-रॅले आली, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस. मुंजाल बंधूंनी आधी सुट्या भागांचा व्यापार केला आणि १९५६ मध्ये लुधियानात हिरो सायकल्स काढली. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला सुमारे १ लाख सायकली बनत होत्या. दहा वर्षांत हा आकडा १० लाखांवर गेला. १९८६ मध्ये हिरोचं नाव जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नोंदलं गेलं.

एवढे कारखाने असले तरी सायकल एकच होती. सगळ्यांनी इंग्लिश रोडस्टरच उतरवून घेतली: तेच माप, तेच आटे, तीच रिम. नाव, बिल्ला आणि रंगाची पट्टी एवढाच फरक. लायसन्स-परमिटच्या काळात नवं मॉडेल काढायची कुणाला घाई नव्हती. मागणी इतकी होती की जुनंच हातोहात खपत होतं. आर्थिक इतिहासात याची गणना मागासलेपणात होते आणि ते चूक नाही. इंग्लंडनं जी सायकल हळूहळू सोडून दिली तीच आपण, चीननं आणि आफ्रिकेतल्या देशांनी पुढं पन्नास वर्षं चालवली.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती मला माझ्या कामामुळे चटकन दिसते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'ओपन स्टँडर्ड' म्हणून एक गोष्ट असते: माप, जोडणी, भाषा सगळ्यांना ठाऊक, ती कुणा एकाच्या मालकीची नाही. अशा गोष्टीभोवती शेकडो लहान माणसं आपापलं काम उभं करू शकतात. अठ्ठावीस दीड हे भारतातलं असंच एक स्टँडर्ड होतं. हिरोच्या सायकलला ॲटलसचा चिमटा बसायचा. ॲटलसच्या क्रँकला लुधियानातल्या कुठल्याही लहान कारखान्यातली काटर पिन चालायची. म्हणून गावोगावच्या मिस्त्रीला शंभर जातींचे भाग ठेवावे लागले नाहीत. दोन पान्हे, हातोडी, पंप, सोल्युशनची नळी, कानस, पाण्याचं घमेलं, एका डबीत छर्रे आणि एका डबीत वॉल्व ट्यूब, एवढ्यावर झाडाखाली दुकान चालू व्हायचं. तीच दुकानं तासाच्या हिशेबानं सायकल भाड्यानं द्यायची, आणि दांडीवरून पाय न पुरणारी पोरं चौकटीतून पाय घालून हाफ पायंडल मारत तिच्यावर शिकायची.

म्हणजे परभणीच्या माणसानं सायकल 'निवडली' असं म्हणणं कठीण आहे. निवड नॉटिंगहॅमला झाली, शिक्कामोर्तब दिल्लीत झालं, घडण लुधियानात झाली. त्याच्या हातात होतं ते बावीस इंची चौकट की चोवीस, हिरवी पट्टी की लाल.

आणि एका व्यक्तीच्या हातात तेवढंही नव्हतं. साठ-सत्तरच्या दशकांत लग्नाच्या बोलणीत घड्याळ, सायकल आणि रेडिओ हे त्रिकूट ठरलेलं असे. सायकलचे पैसे मुलीचा बाप भरायचा, सायकल जावयाच्या दारात लागायची. जिच्या लग्नापायी ती आली, ती आयुष्यभर त्या सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली. हँडल तिच्या हाती आलं नाही.

बावीस किलोचं गणित

या काळ्या सायकलची हल्ली थट्टा होते. जड, जुनाट, दूधवाल्याची. तिचं गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे.

वजन २० ते २२ किलो. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८. चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ७११ मिलिमीटर, म्हणजे परीघ २.२३ मीटर. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. तेव्हा पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढं जाते. मिनिटाला पन्नास फेरे ही सवयीच्या माणसाची सहज गती. त्यात ताशी सोळा किलोमीटर पडतात. दहा किलोमीटरला पाऊण तास धरा, वाटेत रामराम करायला वेळ ठेवून. गोदावरीच्या खोऱ्यातल्या सपाट प्रदेशात, म्हणजे परभणी, पूर्णा, मानवत, पाथरी या बाजूला, एकच गिअर पुरतो तो यामुळे. उत्तरेला जिंतूरच्या टेकड्या चढायच्या किंवा दक्षिणेला गंगाखेड-पालमकडच्या बालाघाटच्या उतारांवर जायचं, तर तीच साडेपाच मीटरची उडी गुडघ्यावर येते आणि माणूस उतरून चालू लागतो.

मोठ्या चाकाचा फायदा खड्ड्यात कळतो. चाक जितकं मोठं तितका खड्डा त्याला उथळ. पुढचा चिमटा थोडा तिरका आणि वाकडा असल्यामुळे बसणारे दणके स्टीलच तोलतं. सीटखाली स्प्रिंग असते. मागच्या चाकाला ४० स्पोक आणि पुढच्याला ३२, कारण ओझं मागं: माणूस, कॅरिअर, त्यावर धान्याचं पोतं किंवा दुधाच्या कॅन. मुंबईचे डबेवाले अजूनही अशीच सायकल का वापरतात, याचं उत्तर या चाळीस स्पोकांत आहे. चेनवरचा पूर्ण पत्रा चेनच्या भल्यासाठी जितका, तितकाच धोतराच्या सोग्यासाठी.

दोषही मोठे आहेत. सळईचे ब्रेक क्रोमच्या रिमवर घासतात. रिम ओली झाली की रबर घसरतं आणि सायकल थांबायला दुप्पट-तिप्पट जागा लागते. बावीस इंची चौकट पाच फुटांखालच्या माणसाला उंच होते. दांडीवरून पाय टाकणं साडीत अशक्य आणि सलवारीत अवघड.

आता तिच्या शेजारी रेंजर ठेवू. पुढं स्प्रिंगचा चिमटा, खाचांचे जाड टायर, रंगीत चौकट. स्वस्त सायकलच्या सस्पेन्शनमध्ये नुसती स्प्रिंग असते. तिची उसळी आवरणारी यंत्रणा नसते. डांबरी रस्त्यावर उभं राहून जोर लावला की तुमची ताकद चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यात जाते. त्या चिमट्यानं दोन-अडीच किलो वजन वाढतं. खाचांचा टायर चिखलासाठी असतो, डांबरावर तो गुणगुणतो आणि पाय ओढतो. त्यात कित्येक रेंजरना मडगार्ड, कॅरिअर, चेनचा पत्रा काहीच नसतं. म्हणजे डोंगरातल्या खेळासाठी घडवलेलं रूप घेतलं आणि रोजच्या उपयोगाचं तेवढं काढून टाकलं. ही सायकल वाईट नाही. ती दुसऱ्याच कामाची आहे, आणि स्वस्तात घेतली तर त्या कामाचीही नाही.

कॅरिअरवरून मोटरसायकलवर

हा बदल होत असताना सायकलचा मुख्य गिऱ्हाईकच निघून गेला. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. ज्या घराण्यानं देशाला सर्वांत जास्त सायकली विकल्या, त्यानंच सायकलला बाजूला सारणारं वाहन आणलं. पुढच्या वीस वर्षांत तलाठी, मास्तर, दूधवाले एकेक करून तिकडं गेले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बेचाळीस अंशांच्या उन्हात पंधरा किलोमीटर सायकल मारलेल्या माणसाला मोटरसायकल म्हणजे काय, हे सकाळी साडेसहाला हेल्मेट आणि घट्ट कपडे घालून निघणाऱ्यांनी सांगू नये.

पण मागं राहिलेल्यांचं काय झालं? सायकल आता तीन टोकांना उरली: शाळकरी पोरं, ज्यांना दुसरं काही परवडत नाही असे म्हातारे-मजूर, आणि शहरातले तब्येतीसाठी चालवणारे. झाडाखालचा मिस्त्री मोटरसायकलचे पंक्चर काढू लागला, कारण पैसा त्यात. सायकली विविध झाल्या, मापं वाढली, आणि नेमका त्याच वेळी त्या दुरुस्त करणारा कमी झाला. ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

पाच किलोमीटर

याच काळात परभणी जिल्ह्यात सायकलला एक नवा स्वार मिळाला, आणि तो पूर्वी कॅरिअरवर बसायचा.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी सायकलची योजना आहे. परभणी जिल्हा त्यात येतो. आठवी ते बारावीत शिकणारी गरजू मुलगी, जिचं घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत आहे, तिला सायकलसाठी अनुदान मिळतं. त्याहून लांबच्या मुलींसाठी एसटीच्या बस. अनुदानाची रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. ३,५०० आधी खात्यात येतात, उरलेले १,५०० सायकल घेतल्याची पावती दाखवल्यावर.

पाच किलोमीटर ऐकायला थोडे वाटतात. ते किती मोठे आहेत हे कळण्यासाठी दुसरा एक आकडा पाहावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यात २० ते २४ वर्षं वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पुरी होण्याआधी झालेलं आढळलं. महाराष्ट्राचा आकडा साधारण २२ टक्के आहे. परभणीचा राज्यात सर्वांत जास्त. यामागं ऊसतोडीचं स्थलांतर आहे, हुंडा आहे, दुष्काळ आहे. आणि सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावात असणं, मधला रस्ता सुनसान असणं, हेही आहे. 'शाळा लांब आहे' या तीन शब्दांवर कितीतरी मुलींचं शिक्षण संपतं.

सायकलनं बालविवाह थांबतात असा दावा कुणी करू नये. पण सायकलनं शाळा टिकते, याचा चांगला पुरावा आहे. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देणं सुरू केलं. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल झालेल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगा-मुलगीमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. वाढ मुख्यतः ज्या गावांपासून शाळा लांब होती तिथं झाली. म्हणजे अडथळा अंतराचाच होता.

त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्यातली एक गोष्ट सायकल निवडणाऱ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. तिथल्या कित्येक बायकांनी 'लेडीज' सायकल नाकारून दांडीची पुरुषी सायकल घेतली. कारण दांडीवर लेकरू बसवता येतं. त्यांच्यासाठी कोणती सायकल योग्य, हे कारखान्यानं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी आपलं काम पाहून वेगळं ठरवलं.

परभणीतल्या आठवीच्या मुलीचं काम वेगळं आहे. तिच्याकडे लेकरू नाही, सात-आठ किलोचं दप्तर आहे. तिची उंची अजून वाढते आहे. ती बहुधा त्याच वर्षी सायकल शिकलेली आहे. पाच हजारांत बसेल आणि दिसायला छान असेल अशी सायकल दुकानदार पुढं करतो: गुलाबी किंवा जांभळी, हँडलला पुढं जाळीची टोपली. दप्तर त्या टोपलीत ठेवलं की वजन हँडलवर येतं आणि शिकाऊ हात थरथरतात. मागं मजबूत कॅरिअर असणं टोपलीपेक्षा महत्त्वाचं. ओढणी आणि सलवार यांच्यासाठी चेनवर पूर्ण पत्रा हवा. दांडी नको. सीट इतकी खाली येणारी हवी की बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतील, आणि इतकी वर जाणारी हवी की दोन वर्षांनी पायडल तळाला असताना पाय जवळपास सरळ होईल. टायर २६ × १⅜ किंवा तिच्या गावाजवळच्या दुकानात जो मिळतो तो. येड्या बाभळीचे काटे रस्त्यावर बारा महिने असतात. पंक्चर ही तिच्यासाठी महिन्याची गोष्ट आहे. पंक्चर काढायला बाप संध्याकाळी मोकळा होतो आणि दुकान सहा किलोमीटरवर असतं, तर तेवढ्यानं दोन दिवस शाळा बुडते. म्हणून सायकलच्या पावतीबरोबर पंप, सोल्युशन आणि चकत्या घ्याव्यात, आणि टायर उघडून आतून बोटं फिरवत काटा शोधायला मुलीलाच शिकवावं. पुरुषांच्या तीन पिढ्या हे झाडाखाली बसून बघत बघत शिकल्या. तिला ते झाड मिळालेलं नाही.

रस्ता कुणाचा

मग कोणती सायकल घ्यावी? कच्च्या रस्त्यानं ओझं वाहणाऱ्याला अजूनही अठ्ठावीस दीडला पर्याय नाही. सपाट डांबरी रस्त्यानं रोज आठ-दहा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्यानं सस्पेन्शन नसलेली, ३५ ते ४० मिलिमीटर टायरची, मडगार्ड आणि कॅरिअर बसवता येईल अशी हायब्रिड पाहावी. ॲल्युमिनियमच्या रिमवर तिचे ब्रेक पावसात रोडस्टरपेक्षा पुष्कळ चांगले लागतात. पण परभणीत राहायचं तर ७०० च्या दोन ट्यूब घरात आणून ठेवाव्यात. जिंतूर-गंगाखेडकडे चढ असेल तर गिअर घ्यावेत, मागं सहा-सात पुरतात. आणि मुलीसाठी घ्यायची तर मुलीला दुकानात न्यावं, बसवून पाहावं.

एवढं करूनही एक गोष्ट गिऱ्हाईकाच्या हातात राहत नाही. ज्या रस्त्यावर सायकल चालवायची, तो दुसऱ्याच कुणी निवडलेला असतो. पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ असो की इतर रस्ते, आता जागोजागी सिमेंट होत आहे. सिमेंटचा थर चढला की कड उंच होते. मागून ट्रक आला की मोटरसायकलवाला वेग वाढवून सुटतो. सायकलवाल्याला बाजूला उतरावं लागतं, आणि बाजूला वीतभर खोल मुरमाची उतरंड असते. अरुंद टायर तिथं रुतला की तोल जातो. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकलमार्ग कसे आखावेत याची शिफारस १९६२ मध्येच छापली आहे, म्हणजे माहितीची अडचण नव्हती.

त्या वेळी सायकलवर तलाठी आणि मास्तर होते, आणि रस्त्यावर गर्दी नव्हती. आता सायकलवर चौदा वर्षांची मुलगी आहे आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मालाचे ट्रक, भरधाव गाड्या आहेत. एकाच सरकारचा एक विभाग तिला सायकलला पाच हजार देतो आणि दुसरा तिच्या शाळेसमोरून जाणाऱ्या रस्त्याची कड सोडून देतो. कडेला दीड मीटरची, सिमेंटच्या पातळीला आलेली, दाबून घट्ट केलेली मुरमाची पट्टी ही फार मोठी मागणी नाही. शाळेपासून दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटर एवढीच ती असली, तरी योजनेतल्या प्रत्येक मुलीच्या वाटेचा शेवटचा, सर्वांत गर्दीचा तुकडा तिच्यात येतो. अंतर तर शासनाच्या निर्णयात आधीच मोजून ठेवलेलं आहे.